वरातीमागून आलेलं घोडं

भाच्याला गाडी घ्यायची होती म्हणून त्याच्याबरोबर एका शोरूममध्ये गेलो होतो. तीन सिलिंडरचं एक लिटरचं इंजिन, वर टर्बो. दाखवणारा मुलगा चुणचुणीत. बॉनेट उघडून त्यानं टर्बोवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘‘सर, ही टेक्नॉलॉजी थेट फॉर्म्युला वनमधून आली आहे.’’ भाच्याचे डोळे लकाकले. मी गप्प बसायला हवं होतं, पण माझ्याच्यानं ते झालं नाही.

त्या मुलाशी माझं भांडण नाही. त्याला ट्रेनिंगमध्ये जे शिकवलं ते तो बोलला. भांडण आहे ते हेच वाक्य टाय लावून म्हणणाऱ्यांशी: मोटारकंपन्यांचे संचालक, गाड्यांवर लिहिणारे माझे काही स्नेही आणि शर्यतीचे नियम ठरवणारी मंडळी. ‘शर्यतीचा ट्रॅक ही उद्याच्या गाडीची प्रयोगशाळा आहे’ हे त्यांचं म्हणणं. इतक्या वेळा म्हटलं गेलंय की ते तपासून बघावं असं कुणाला वाटतच नाही.

तर टर्बोपासूनच बघू. 1905 मध्ये आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं त्याचं पेटंट घेतलं. पुढची कित्येक दशकं टर्बो राबला तो जहाजांत, रेल्वे इंजिनांत, विमानांत आणि ट्रकमध्ये. 1962 मध्ये जनरल मोटर्सनं तो दोन मोटारींत बसवून लोकांना विकला, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेवरोले कॉर्व्हेअर. जेटफायरच्या मालकाला पेट्रोलखेरीज पाणी आणि मेथनॉलच्या मिश्रणाची टाकीही भरत राहावी लागे, आणि लोक ती भरायला विसरत. गाडी फार चालली नाही, पण होती ती रस्त्यावरची गाडी. 1973 मध्ये बीएमडब्ल्यूची 2002 टर्बो आली. फॉर्म्युला वनमध्ये टर्बो उतरला तो 1977 च्या जुलैत, सिल्व्हरस्टोनला, रेनोच्या पिवळ्या गाडीत. ती गाडी इतक्यांदा धूर सोडत कडेला लागायची की तिला ‘पिवळी किटली’ असं नाव पडलं. वरात केव्हाच पुढे गेली होती. हे घोडं मागून आलं.

बरं, त्या टर्बो युगात पहिला जगज्जेता ठरलेला चालक कोण? 1983 मध्ये नेल्सन पिके, ब्रॅबहॅमच्या गाडीत. तिचं बीएमडब्ल्यू इंजिन दीड लिटरचं, चार सिलिंडरचं, आणि त्याचा ब्लॉक होता 1962 पासून रस्त्यावर धावणाऱ्या बीएमडब्ल्यूच्या साध्या सेडान गाडीचा. ऑफिसला जाणाऱ्या माणसाच्या इंजिनाचा ओतीव लोखंडी ब्लॉक जगज्जेता झाला. या प्रकाराला ‘ट्रॅकवरून रस्त्यावर’ म्हणायचं असेल तर नकाशा उलटा धरावा लागेल.

हायब्रिडचं तेच. टोयोटाची प्रियस 1997 च्या डिसेंबरात जपानी रस्त्यावर आली. फॉर्म्युला वनला ब्रेकमधली ऊर्जा साठवून वापरण्याची मुभा मिळाली 2009 मध्ये. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं इंजिन मित्सुबिशीनं 1996 मध्ये गॅलंटमध्ये दिलं. फॉर्म्युला वननं ते स्वीकारलं 2014 मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी. तोवर गॅलंटमधून शाळेत गेलेली पोरं स्वतः गाडी चालवायला लागली असतील.

इथवर आलं की समोरचे सावरून बसतात आणि आपला सगळ्यात जड दगड काढतात: कार्यक्षमता. 2017 मध्ये मर्सिडीजनं जाहीर केलं की त्यांच्या फॉर्म्युला वन इंजिनानं टेस्ट बेंचवर पन्नास टक्क्यांची पायरी ओलांडली, म्हणजे इंधनातल्या ऊर्जेपैकी निम्म्याहून अधिक प्रत्यक्ष कामी आली. ही फार मोठी गोष्ट आहे. उष्णतेच्या इंजिनाशी आयुष्य घालवलेल्या माणसाला हा आकडा ऐकून टोपी काढावीशी वाटेल, आणि मीही काढतो. रस्त्यावरच्या त्या वेळच्या चांगल्यातल्या चांगल्या पेट्रोल इंजिनांपैकी एक, 2015 च्या प्रियसचं, चाळीस टक्क्यांपर्यंत पोचतं. मग ते दहा टक्के आपल्या गाडीत का येऊ नयेत?

कारण हे चाळीस-पन्नास जिथं मोजले जातात तिथं दोन्ही इंजिनं सारखाच वेळ घालवत नाहीत. कुठल्याही इंजिनाचा असा आकडा हा त्याच्या सर्वांत सुखाच्या बिंदूवरचा असतो. शर्यतीचं इंजिन त्या बिंदूच्या आसपासच जगतं. मोन्झाच्या ट्रॅकवर एका लॅपचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास वेळ चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर पुरता दाबलेला असतो. आपलं इंजिन सिंहगड रोडवर सिग्नलला उभं असतं. पहिल्या-दुसऱ्या गिअरात रांगतं, थ्रॉटल जेमतेम किलकिला, आणि त्या फटीतून हवा ओढून घेण्यातच त्याची बरीच शक्ती खर्ची पडते. रस्त्यावरच्या इंजिनिअरची खरी लढाई या रांगण्याशी आहे. सिग्नलला इंजिन बंद करणं, थंडीत पहाटे पहिल्या मिनिटात निघणारा धूर आवरणं, एसी चालू असताना आरपीएम न ढळू देणं, आणि हे सगळं दोन लाख किलोमीटर, मधल्या सर्व्हिसिंगला दांडी मारणाऱ्या मालकाच्या हातात. 2024 च्या मोसमात फॉर्म्युला वनच्या प्रत्येक चालकाला 24 शर्यतींसाठी चार इंजिनं वापरायची परवानगी होती, आणि ‘बघा, किती टिकतात!’ म्हणून त्याचंही कौतुक झालं. कौतुक योग्यच आहे. फक्त हे टिकणं आणि रिक्षावाल्याच्या इंजिनाचं टिकणं एका तराजूत घालू नये.

आणि हा वाद नुसता तोंडी ठेवायचं कारण नाही, कारण मर्सिडीजनं प्रयोग खरोखरच करून पाहिला. फॉर्म्युला वनचं इंजिन जसंच्या तसं नाही, पण शक्य तितकं तसं, रस्त्याच्या गाडीत बसवायचं ठरवलं. गाडीचं नाव एएमजी वन. 2017 मध्ये फ्रँकफर्टला दाखवली. गिऱ्हाइकांच्या हाती पडायला 2023 उजाडलं. मधली वर्षं कशात गेली? शर्यतीत हे इंजिन नुसतं उभं असतानाही पाच हजारांच्या आसपास आरपीएमवर गुरगुरतं. ते बाराशेवर आणायचं, तिथं धड जळवायचं, आणि बाहेर पडणारा धूर कायद्यात बसवायचा, याला घाम फुटला. विजेवर तापवायचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावावे लागले. पन्नास हजार किलोमीटरनंतर इंजिन उघडावं लागेल असं सुरुवातीला कंपनीच्याच प्रमुखानं सांगितलं होतं. एकूण गाड्या 275, किंमत वीस लाख युरोंच्या वर. जगातली बलाढ्य मोटारकंपनी, जगज्जेतं इंजिन, सहा वर्षं, आणि हाती काय आलं तर 275 धनिकांची हौस. मला ही गाडी आवडते. पण तिला पुरावा म्हणून कोर्टात उभं केलं तर ती माझ्या बाजूनं साक्ष देईल.

आता प्रयोगशाळेचं बघू. प्रयोगशाळेत काय करून पाहायचं याला बंदी नसते. फॉर्म्युला वनचं नियमांचं बाड मात्र ‘करू नये’ने भरलेलं आहे. वॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ बदलणारी रचना, जिला आपण व्हीव्हीटी म्हणतो, ती मारुतीच्या स्विफ्टमध्ये असते; फॉर्म्युला वनमध्ये तिला मनाई आहे. एबीएसवर 1994 पासून बंदी. गिअरच्या जागी पट्ट्यावर चालणारी सीव्हीटी विल्यम्स संघानं 1993 मध्ये चालवून पाहिली, आणि स्पर्धेत उतरायच्या आतच ती नियमबाह्य ठरली. तीच रचना डाफ या डच कंपनीनं पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मोटारीत आणली होती, आणि आज ती आपल्याकडच्या प्रत्येक पेट्रोल ॲक्टिव्हात आहे. मंडईत भाजी आणायला जाणारी स्कूटर जे करते ते करायला जगातल्या सर्वांत महागड्या गाडीला परवानगी नाही!

यातली एबीएसची गोष्ट मी त्या शोरूममधल्या मुलाला सांगितली. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘‘म्हणजे सर, आपली गाडी त्यांच्या पुढे आहे!’’ पोरगा मोठा होणार.

या बंद्यांबद्दल माझी तक्रार नाही, हे नीट लक्षात घ्या. एबीएस काढलं म्हणून ब्रेक लावण्याचं कसब चालकाकडे राहिलं. खेळाला कुंपण लागतंच. क्रिकेटची बॅट लाकडाचीच हवी असा नियम आहे, म्हणून कुणी क्रिकेटला लाकूड संशोधन केंद्र म्हणत नाही.

मग रस्त्यावरचं इंजिन सुधारलं कुणामुळे? माझं उत्तर रुक्ष आहे, आणि म्हणूनच ते जाहिरातीत बसत नाही: कायद्यामुळे आणि पेट्रोलच्या भावामुळे. होंडाची गोष्ट त्यासाठी पुरेशी आहे. होंडा 1964 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरली, 1965 मध्ये मेक्सिकोत पहिली शर्यत जिंकली आणि 1968 च्या अखेरीस बाहेर पडली. अमेरिकेत 1970 चा हवा शुद्धतेचा कायदा आला. डेट्रॉइटच्या मोठ्या कंपन्या म्हणू लागल्या, एवढं प्रदूषण एवढ्या मुदतीत कमी करणं अशक्य. होंडाच्या मंडळींनी सिलिंडरच्या डोक्यात एक छोटी खोली काढली. तिच्यात पेट्रोलचं प्रमाण जास्त असलेलं मिश्रण ठिणगीनं पेटवायचं, आणि त्या ज्वाळेनं मुख्य सिलिंडरमधलं विरळ मिश्रण जाळायचं. सीव्हीसीसी असं त्याचं नाव. 1975 ची सिव्हिक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय अमेरिकी परीक्षेत उतरली. टोयोटा आणि फोर्डनं या युक्तीचे परवाने घेतले.

चार दशकांनी फॉर्म्युला वनच्या इंजिनांत ‘प्रीचेंबर’ अवतरलं. मोठी चर्चा झाली. आणि 2020 मध्ये मासेरातीनं एमसी20 मध्ये ते दिलं, तेव्हा ‘फॉर्म्युला वनची टेक्नॉलॉजी रस्त्यावर’ म्हणून डंका पिटला. दोन्ही रचना एकच आहेत असं मी म्हणत नाही. होंडाच्या छोट्या खोलीला स्वतंत्र वॉल्व्ह होता, आताच्या प्रीचेंबरला तो नसतो आणि त्याच्या बारीक भोकांतून ज्वाळेच्या पिचकाऱ्या उडतात. पण मूळ कल्पना शेजारच्या छोट्या खोलीत काडी लावण्याचीच. ती एका मध्यमवर्गीय सिव्हिकमध्ये 1975 मध्येच होती, आणि तिथं ती आणली अमेरिकेच्या संसदेनं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर लांब जायला नको. गावोगावच्या स्प्लेंडरमध्ये वर्षानुवर्षं कार्बोरेटर होता. मेस्त्री तोंडानं जेट फुंकून तो साफ करायचा. 2020 च्या एप्रिलपासून धुराचे बीएस-6 नियम लागू झाले आणि स्प्लेंडरला फ्युएल इंजेक्शन आलं. मोन्झा, मोनॅको, सिल्व्हरस्टोन यांपैकी कुणीही ते आणलं नाही. दिल्लीच्या राजपत्रातल्या एका अधिसूचनेनं ते आणलं. देशभरच्या मेस्त्र्यांना एका झटक्यात नवं शिकावं लागलं, आणि त्याबद्दल त्या अधिसूचनेला कुणी करंडक दिला नाही.

इथपर्यंतचा माझा आक्षेप भाबड्या समजुतीवर होता. पण या समजुतीची एक बाजू तितकीशी भाबडी नाही. 2006 मध्ये ऑडीनं ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डिझेल इंजिनावर जिंकली. डिझेलचा हा तिथला पहिलाच विजय. त्यानंतर 2014 पर्यंत एक वर्ष सोडून दरवर्षी ऑडी जिंकली, आणि ते एक वर्षही प्यूजोच्या डिझेलनं नेलं. गाड्या इतक्या शांत की प्रेक्षक चक्रावून जायचे. या प्रत्येक विजयाची जाहिरात एकच सांगायची: डिझेल आता स्वच्छ, वेगवान, आधुनिक आहे, आणि हे तुमच्या गाडीत आहे. 2015 च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं उघड केलं की ऑडीच्याच घरातल्या, फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत परीक्षा ओळखणारं सॉफ्टवेअर बसवलेलं होतं. गाडी रोलरवर असली की धूर साळसूद, रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या कितीतरी पट. जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या. काही आठवड्यांनी ऑडीचं तीन लिटरचं व्ही-6 डिझेलही त्यात सापडलं.

आपल्याकडे ही तपासणी झाली पुण्यात, वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत. प्रयोगशाळेतला आणि रस्त्यावरचा आकडा जुळेना. डिसेंबर 2015 मध्ये कंपनीला भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं पाचशे कोटींचा दंड ठोठावला.

शर्यतीतल्या इंजिनिअरांनी फसवणूक केली असं मी म्हणत नाही. त्यांचं इंजिन खरोखरच अप्रतिम होतं. मुद्दा वेगळा आहे. ल मांमध्ये घड्याळ मोजतात, इंधन मोजतात, वजन मोजतात. दमेकऱ्याच्या छातीत काय जातं ते तिथं मोजत नाहीत. ज्या परीक्षेत तो विषयच नाही, तिच्यातल्या पहिल्या नंबरावरून त्या विषयात पास झाल्याचा दाखला देणं, ही ट्रॅक-रस्ता नात्याची सर्वांत महाग पडलेली जाहिरात होती.

माझ्या विरोधकांकडे काहीच नाही का? आहे, आणि ते नाकारण्यात मला रस नाही. दोन क्लचचा गिअरबॉक्स पोर्शनं ऐंशीच्या दशकात शर्यतीत घासूनपुसून घेतला आणि 2003 मध्ये तो फोक्सवॅगन गोल्फमध्ये आला. स्टीअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणं 1989 च्या फेरारीचं. प्यूजोच्या 1912 च्या शर्यती गाडीत दोन कॅमशाफ्ट आणि सिलिंडरला चार वॉल्व्ह होते, आणि आज बहुतेक मोटारींत तीच मांडणी आहे. फक्त मधे साठ-सत्तर वर्षं गेली. चार वॉल्व्ह घराघरांत पोचले ते उत्पादन स्वस्त झालं आणि धुराचे नियम कडक झाले तेव्हा. बीज ट्रॅकवर पडलं हे कबूल, पण पाऊस दुसरीकडून आला.

आणि एक गोष्ट मी मनापासून मान्य करतो. शर्यतीतून रस्त्याकडे सुटे भाग फारसे जात नाहीत, माणसं जातात. होंडानं तरुण इंजिनिअरांना शर्यतीच्या भट्टीतून काढून परत गाड्यांच्या विभागात आणायची रीतच पाडली. दोन आठवड्यांत चूक शोधून, भाग नव्यानं आखून, तासून, पुढच्या शर्यतीला हजर करायचा, हा वेग दुसरीकडे कुठं शिकायला मिळत नाही. 2020 च्या मार्चमध्ये मर्सिडीजच्या फॉर्म्युला वन इंजिन कारखान्यानं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजबरोबर श्वासाला मदत करणारं यंत्र काही दिवसांत तयार केलं आणि महिन्याभरात दहा हजारांच्या घरात बनवून दिलं. पिस्टन तासणारी यंत्रं त्या कामाला लावली होती. हा शर्यतीचा समाजाला झालेला खरा उपयोग, आणि त्याचा कुठल्याही गाडीशी काडीचा संबंध नाही.

आता नुकसानाचं. ‘रस्त्याशी नातं’ हा मंत्र नुसता जाहिरातीपुरता राहिला असता तर मी एवढी शाई घालवली नसती. 2014 मध्ये त्यानं खेळाचे नियमच लिहिले. 18,000 आरपीएमचं 2.4 लिटरचं व्ही-8 गेलं, 1.6 लिटरचं टर्बो हायब्रिड व्ही-6 आलं, एका शर्यतीला शंभर किलो इंधनाची मर्यादा लागली. गाभ्याला होतं एमजीयू-एच नावाचं यंत्र: टर्बोच्या दांड्यावर बसवलेली विजेची मोटर, जी एरवी वाया जाणाऱ्या एक्झॉस्टमधून वीज काढते आणि गरज पडली की टर्बोला स्वतः फिरवते. पन्नास टक्क्यांच्या त्या विक्रमात या यंत्राचा वाटा मोठा. पण ते इतकं महाग आणि किचकट की 2015 मध्ये परतलेली होंडा पहिली काही वर्षं त्यातच रुतून बसली, आणि पुढे वर्षानुवर्षं एकही नवी कंपनी या भानगडीत उतरली नाही. मग 2026 साठी नियम बदलले. नव्या कंपन्या याव्यात म्हणून काढून काय टाकलं? तेच एमजीयू-एच. ते जाणार म्हटल्यावर ऑडीनं येण्याची घोषणा केली. गंमत बघा, 2024 मध्ये पोर्शनं 911 मध्ये विजेवर फिरणारा टर्बो दिला. म्हणजे सगळ्या पसाऱ्यातून एक चीज खरोखर रस्त्यावर यायला आणि ती शर्यतीतून हद्दपार व्हायला एकच गाठ पडली. ज्यांना ‘रस्त्याशी नातं’ हवं होतं त्यांनीच ते नातं जुळताना पाहिलं आणि काडीमोड घेतला. कारण त्यांना हवं होतं ते वार्षिक अहवालात छापता येईल असं एक वाक्य.

आणि त्या वाक्यानं कंपन्यांना तरी धरून ठेवलं का? होंडानं 2020 मध्ये कार्बन कमी करायचा म्हणून बाहेर पडत असल्याचं सांगितलं, आणि 2023 मध्ये कार्बन कमी करायच्या नियमांसाठीच 2026 मध्ये परत येत असल्याचं सांगितलं. टर्बो पहिल्यांदा आणणारी रेनो 2025 नंतर इंजिन बनवायचं थांबवून मर्सिडीजचं घेणार, असं ठरलं. कंपन्या संचालक मंडळाच्या मूडप्रमाणे येतात-जातात, आणि कारण तेच देतात.

ग्रेटर नोएडाला 2011 ते 2013 अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन आली होती तेव्हा हा खेळ की करमणूक, असा कराचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेव्हा शौकीन चिडले होते. मला वाटतं, या शर्यतीबद्दल इतका प्रामाणिक प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नाही. खेळ म्हणा, करमणूक म्हणा. प्रयोगशाळा हा पर्याय तेव्हा कुणी मांडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

2025 च्या सुरुवातीला मोटारशर्यतींच्या जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी पुन्हा व्ही-10 आणायची गोष्ट काढली, शाश्वत इंधनावर चालणारं. मोटारकंपन्यांनी नाकं मुरडली: व्ही-10 चा आमच्या गाड्यांशी संबंध काय? काहीच नाही. 2005 पर्यंतचं ते तीन लिटरचं इंजिन 19,000 आरपीएमला जाऊन कर्कश किंचाळायचं आणि नऊशेच्या आसपास अश्वशक्ती द्यायचं. त्याच्या वॉल्व्हना पोलादी स्प्रिंग नव्हत्या, दाबाखालचा वायू होता, कारण त्या वेगाला पोलाद दमतं. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट इतकी नेमकी की इंजिन थंड असताना फिरतच नसे. सुरू करायच्या आधी बाहेरून गरम पाणी त्याच्यात खेळवत ठेवावं लागे, तापलं की मगच स्टार्टर लावायचा. असं इंजिन घेऊन कुणी सोसायटीच्या पार्किंगमधून ऑफिसला निघणार नाही. मला त्यात काडीचाही दोष दिसत नाही.